मुंबई न पाहिलेला साहेब

बहरीनला, झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, ती मी लावली. दुसरी मुंबईच्या विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याची. ती नवऱ्याने दिवसचे दिवस खपून शाईने काढलेली. घरी आलेला पाहुणा पहिलीला हात जोडायचा आणि दुसरीखाली अडकायचा, कारण आमचे हे त्याला तिथून हलू द्यायचे नाहीत. चहा निवून जायचा आणि पाहुणा बिचारा मान डोलवत उभा राहायचा.

"हा मनोरा ज्या इंग्रजानं काढला ना, त्यानं मुंबई कधी पाहिलीच नाही," हे सांगायचे. "लंडनमध्ये बसून नकाशे काढले, बोटीनं पाठवले, आणि इकडे हे उभं राहिलं."

"वा," पाहुणा म्हणायचा.

"सोडा आता त्यांना, जेवू द्या," मी स्वयंपाकघरातून म्हणायचे.

लग्न करून मी बहरीनला आले तेव्हा नव्वद साल सरून थोडीच वर्षं झाली होती. हे राजधानीत, मनाम्यात एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होते. इंजिनियर कच्चं काढून देणार आणि हे ते ट्रेसिंगवर पक्कं करणार. व्हिला, गोदामं, सित्र्याकडच्या कामगारांच्या बराकी. यांच्या हाताखालून गेलेल्या इमारती बेटभर होत्या आणि एकीवरही यांचं नाव नव्हतं. मला ते लागायचं. यांना मात्र लागत नसे. यांचा सगळा जीव त्या इंग्रजावर. तो विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हाचा आर्किटेक्ट. लंडनमधलं लाल विटांचं भलंमोठं स्टेशनावरचं हॉटेल त्याचं, सरकारी कचेऱ्या त्याच्या, चर्चेस तर किती, त्याची त्यालाच आठवण नसायची म्हणे. एकदा कुठल्याशा गावी भल्या सकाळी उतरला आणि तिथूनच आपल्या ऑफिसला तार केली की मी इथे कशाला आलोय? ही गोष्ट सांगताना हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. हा तर आपल्या गल्फवाल्यांपैकीच, असं त्यांचं म्हणणं.

डिप्लोमाला असताना यांना त्या इमारतीची मापं घेण्याचं काम मिळालं होतं. तिथले गोल जिने, कमानींच्या लांबच लांब पडव्या, पडवीच्या कडेचे नाजूक खांब, सगळं यांना तोंडपाठ. वर मनोऱ्यावर निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत. आपल्यातला कोणी वर बसवलाय का, म्हणून यांनी कोणाची तरी दुर्बीण मागून आणून समोरच्या मैदानातून अख्खी दुपार शोधलं होतं.

"सापडला?" मी विचारलं.

"मान दुखली," हे म्हणाले.

आम्ही बौद्धवाडीतली माणसं. यांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. माझे सासरे मी पाहिले नाहीत, पण ते काय करत हे मला यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, जणू ते कळल्याशिवाय मला यांची ओळखच झाली नसती. सासरे गावातल्या घरांची कौलं परतायला जायचे. पावसाळा तोंडावर आला की वरच्या आळीतल्या एकेका छपरावर चढायचं, फुटकी कौलं काढायची, नवी बसवायची. छपरावर त्यांना चढू देत. ओटीवर नाही. भाकरी अंगणातच मिळायची. आणि गावाची कौलं होईपर्यंत पाऊस लागायचा, म्हणून आमचं घर दर वर्षी तसंच राहायचं. गळकं.

त्यामुळे यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. आईला असं घर बांधून द्यायचं, की ज्याच्या छपरावर कोणाच्या बापाला चढावं लागणार नाही. कौल नको, स्लॅब पाहिजे. आणि ओटी नको, पडवी नको.

"बसायला काहीतरी नको का पुढे?" मी विचारलं.

"ओटी असते कशाला? लोकांना दाराबाहेर बसवायला," हे म्हणाले. "माझ्या आईकडे आलेला माणूस थेट घरात येईल."

मला ते पटलं. घराचा नकाशा मलाही आवडला होता. ऑफिस सुटल्यावर कित्येक संध्याकाळी हे जेवणाच्या टेबलावर तो काढत बसायचे आणि मी ताटं घेऊन जमिनीवर बसायचे. सरळ भिंती, चपटं छप्पर, वर नुसता कठडा, पाणी जायला एक पाइप. आता आठवलं की वाटतं, इतकी वर्षं या बेटावर उन्हासाठी घरं काढून काढून यांच्या हाताला तेच वळण पडलं होतं. पण तेव्हा असा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

सुट्टी दोन वर्षांतून एकदा. एका सुट्टीत जोतं घातलं आणि आम्ही परत आलो. बाकीचं घर फोनवर बांधलं. दर शुक्रवारी सासूबाई बाजारपेठेतल्या एसटीडी बूथवर येऊन बसायच्या, हे इकडून फोन लावायचे, भिंत कुठवर आली ते विचारायचे. यांच्या तोंडी एकच. त्या इंग्रजानं लंडनमध्ये बसून मुंबईत मनोरा चढवला, मी मनाम्यात बसून कोकणात दोन खोल्या चढवू शकत नाही का? दुरून डोंगर साजरे, असं मी चिडवायचे. मे महिन्यात घर झालं, वाडीने वंदना घेतली, आणि टपालाने फोटो आले. लाल मातीत एक पांढराशुभ्र ठोकळा, त्याच्यापुढे सासूबाई नव्या लुगड्यात, हात कुठे ठेवावेत ते न समजून उभ्या. मनाम्याच्या गल्लीतलं घर कोणी उचलून तिकडे ठेवलंय, असं वाटत होतं. वाडीतलं पहिलं स्लॅबचं घर. हे तो फोटो पाकिटात घालून ऑफिसला न्यायला लागले. मनोरा भिंतीवर, घर खिशात.

तो पावसाळा गेला. फोनवर सासूबाई सांगायच्या, "लई झ्याक घर हाय. सगळी बघाय येतात." हे फोन ठेवून माझ्याकडे अशा तोऱ्यात बघायचे, की मला हसू यायचं.

आम्हाला त्या वर्षी सुट्टी नव्हती, म्हणून हिवाळ्यात सासूबाईंनाच व्हिजिट व्हिसावर बोलावलं. विमानातून उतरताना त्यांनी पिशवी छातीशी धरली होती, तिच्यात कुळीथ आणि आमसुलं. त्यांना इथलं काही आवडलं आणि काही नाही. कोल्ड स्टोअरचा, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचा मलबारी त्यांच्याशी हिंदीत बोलायचा, त्या त्याच्याशी आमच्या गावच्या मराठीत, आणि दोघांचं भागायचं. दुपारी मी क्लिनिकच्या ड्यूटीवरून आले की त्या मनोऱ्याच्या चित्राखाली बसलेल्या असायच्या. एकदा मला म्हणाल्या, "ह्या घराला पडव्या किती गं!"

"सगळीकडून आहेत," मी म्हटलं.

"शाना हुता बांधणारा," त्या म्हणाल्या आणि उठून भाजी निवडायला लागल्या. मला तेव्हा काही समजलं नाही.

जानेवारीतला एक शुक्रवार होता. दुपारची जेवणं झाली होती. आभाळ इतकं भरून आलं की भर दुपारी दिवे लावावे लागले, आणि मग पाऊस सुरू झाला. बहरीनचा पाऊस म्हणजे वर्षातून दोनचार दिवसांचा पाहुणा. त्याच्यासाठी कोणी गटारं बांधत नाही आणि छपरांचीही कोणी काळजी घेत नाही. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. घटकाभरात हॉलच्या कोपऱ्यात छताखाली ओल दिसायला लागली आणि तिथून पाणी भिंतीवरून खाली उतरायला लागलं. आम्ही दोघं वर्तमानपत्राचे कागद घेऊन वेड्यासारखी पळायला लागलो. यांनी मनोऱ्याचं चित्र उतरवून बेडरूममध्ये नेलं, ते सगळ्यात आधी.

सासूबाई उठल्या. एकटीने सोफा ओढून भिंतीपासून लांब केला. आपलं जुनं लुगडं आणून त्याची लांब वळी केली आणि भिंतीच्या पायथ्याशी घातली. मग शांतपणे स्वयंपाकघरात गेल्या, लाटणं घेऊन आल्या, आणि लाटण्याच्या टोकाने दिव्याचं बटण बंद केलं. दुसरं बटण, मग पंख्याचं. एकदाही अडखळल्या नाहीत. अंधारात म्हणाल्या, "आता कुनी बटनाला हात लावू नका. झटका बसतो."

हे कागद हातात धरून उभे होते. "आई," हे म्हणाले, "लाटणं कशाला?"

"लाकूड हाय ना. लाकडाला झटका लागत नाय."

"हे तुला कुठं कळलं?"

सासूबाई लुगड्याची वळी नीट करायला लागल्या. जुन्या घरात वीज नव्हती. कंदील होता आणि एक चिमणी. विजेचं बटण त्यांच्या आयुष्यात आलं ते या नव्या घरात. हे मला कळलं त्याच क्षणी यांनाही कळलं असणार, कारण यांच्या हातातला कागद खाली पडला.

"घर गळतंय का आई?"

"नाय रे बाला. गळत नाय. भिंतींतनं जरा येतं." आणि म्हणाल्या, "घर चांगलं हाय. पाऊसच वाईट."

मग एकेक करून सगळं निघालं. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. पडवी नाही, वळचण नाही, त्यामुळे तो सरळ भिंतीवर बसतो. स्लॅबवर पाणी तुंबतं. आषाढात भिंतीतून इतकं पाणी येतं की चूल पेटत नाही. बटणाला हात लावून त्या एकदा खोलीभर फेकल्या गेल्या होत्या; तेव्हापासून लाटणं. आणि पावसाळाभर रात्री त्या आपल्या चुलत दिरांकडे झोपायला जात होत्या. त्यांच्या कौलारू घरात.

"म्हणजे चारही महिने?" यांनी विचारलं.

"लांब कुटं हाय? हाकेवर."

"लोकांना काय सांगतेस?"

"नव्या घरात उकडतं म्हणून सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि वर हसल्या.

हे पलंगावर जाऊन बसले. शेजारी ते चित्र उभं करून ठेवलं होतं. मी आत गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं मुंबई पाहिली नव्हती. कोणीतरी त्याला सांगितलं असेल की तिकडे ऊन आहे, पाऊस आहे, तर त्यानं चारी बाजूंनी पडव्या दिल्या. मी त्या पावसात जन्मलो गं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? मला त्यांची दया आली आणि सासूबाईंचा राग आला, आणि थोड्या वेळाने हेच उलट झालं.

पण हे हातपाय गाळून बसणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी टेबल पुन्हा अडलं. स्लॅबच्या वर उतरतं कौलारू छप्पर, आणि घराला चारी बाजूंनी पडवी. ज्या दोन गोष्टी यांना या जन्मात नको होत्या, त्याच दोन. आपल्या म्हाताऱ्या इंग्रजाच्या इमारतीतून यांनी पडवीची रुंदी घेतली, खांबांमधलं अंतर घेतलं, आणि सगळं आपल्या घराच्या मापाने लहान केलं. इतका सुंदर नकाशा यांनी कधी काढला नव्हता. सासूबाई शेजारी बसून बघायच्या. कधी मध्येच म्हणायच्या, "लोक काय म्हनतील? पोराचं चुकलं म्हनतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," हे म्हणायचे. "आई, शब्द दे. पावसाच्या आत कौलं चढली पाहिजेत."

"दिला," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत त्या परत गेल्या. नकाशाची गुंडाळी प्लास्टिकमध्ये बांधून त्यांच्या हातात दिली होती. विमानतळावर आत जाताना त्या वळल्या आणि गुंडाळी वर करून दाखवली, म्हणजे आहे, हरवली नाही.

त्यानंतरचे शुक्रवार मला स्वच्छ आठवतात. मार्चमध्ये कौलं आली. एप्रिलमध्ये जयंतीच्या धामधुमीत गडी मिळत नव्हते. मेमध्ये सासूबाई म्हणाल्या, "चढली रे बाला. झाली पडवी. तुझ्या त्या चित्रावानी दिसतंय." यांनी त्या दिवशी हिद्दला राहणाऱ्या एका मित्राला घरी जेवायला बोलावलं आणि पुन्हा त्याला मनोऱ्याखाली उभं केलं. पुष्कळ दिवसांनी. चहा निवला तरी मी काही बोलले नाही.

ऑगस्टमध्ये फोन आला तो चुलत सासऱ्यांचा. सासूबाईंना ताप होता, छाती भरली होती, तालुक्याला न्यायच्या आत सगळं संपलं. पासपोर्ट कंपनीकडे, प्रोजेक्ट हातावेगळं व्हायचं होतं. मॅनेजर म्हणाला, "इंशाल्ला, पुढच्या महिन्यात." आणि नुसती तीन तासांची वाट असती तरी काय? देह पावसात थांबत नाही. आईचं तोंड यांना दिसलं नाही. हे दोन दिवस रजा न घेता ऑफिसला गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर मी दाराला टेकून उभी होते. एकच गोष्ट हे पुन्हा पुन्हा म्हणत होते, की निदान शेवटी ती आपल्या घरात कोरडी झोपली.

सुट्टी मिळाली ऑक्टोबरात. पाऊस नुकताच गेला होता. पाखाडीच्या पायऱ्या उतरून आम्ही वाडीत आलो आणि यांनी आपलं घर आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्याच्यावर कौलं नव्हती. पडवी नव्हती. भिंती शेवाळाने हिरव्याकाळ्या झाल्या होत्या, आणि तो ठोकळा तसाच उभा होता. हे अंगणात थांबले. मला त्या इंग्रजाची तार आठवली, आणि ती कधी काळी हसण्याची गोष्ट होती याचं नवल वाटलं.

कौलं घराच्या मागे होती. नीट रचून, वर झावळ्या घालून, एकही न फुटलेलं. आत खुंटीला नकाशाची गुंडाळी टांगलेली, प्लास्टिकची गाठ आम्ही बांधली होती तशीच.

चुलत सासरे म्हातारे होते. काठी टेकत आले, जयभीम केला, आणि मग त्यांनीच सांगितलं. मेमध्ये गडी आले होते चढवायला. त्यातला एक म्हणाला, बहारीनच्या इंजिनेराचं घर पन गळतं व्हय? झालं. "वहिनीनं त्येला तितंच परत धाडला," ते म्हणाले. "म्हनली, माज्या लेकाचं घर गळत नाय. कौलं गोठ्यासाटी आनलीत."

"पण आईकडे गुरं कुठं होती?" यांनी विचारलं.

"तर काय. सगळी वाडी जानते. पन तिला कोन बोलनार?"

"मग शेवटी कुठं होती ती?"

म्हातारे घोटाळले. काठीने माती उकरत म्हणाले, "माज्याच घरात. तुला झाली पडवी म्हनून सांगितलेलं ना, म्हनून हट्टानं दोन म्हयने हितंच, ह्या घरात निजली. ताप भरला तवा आमी उचलून नेली. माज्या घरातच गेली."

म्हणजे दुसऱ्याच्या कौलाखाली. जे होऊ नये म्हणून यांनी बहरीनमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, तेच. मला त्या क्षणी सासूबाईंचा इतका राग आला की विचारू नका. कसला तो शब्द आणि कसली ती इज्जत! आणि लगेच वाटलं, आपल्यासाठी इतकं खोटं या जगात दुसरं कोण बोललं असतं.

अख्खी सुट्टी आम्ही छप्पर चढवण्यात घालवली. गडी होते, पण कौलं लावायला हे स्वतः वर गेले, बापासारखे बसून, पाय आढ्याच्या दोन बाजूंना टाकून. कौल हातात देताना मी खालून बघायचे. कोणी काही हसलं नाही. ज्याने मेमध्ये ते वाक्य टाकलं होतं तोही आला, आणि दिवसभर खांबांसाठी खड्डे खणून गेला. पडवी झाली. पुढे बसायला दगडी कट्टा झाला. निघायच्या दिवशी मी कुलूप लावलं. घर आता कुठून गळणार नव्हतं, आणि आत कोणी नव्हतं.

परत आल्यावर मनोऱ्याचं चित्र काही यांनी काढून टाकलं नाही. फक्त त्याच्याबद्दल बोलायचे थांबले. पाहुणे आले की मीच सांगायचे, उगाच शांतता नको म्हणून. तो मनोरा पुरा होण्याआधीच तो इंग्रज तिकडे वारला, हे मला तेव्हा कुठे कळलं. मला त्याचा हेवा वाटला. आपण बांधलेलं बघायला त्याला कोणी बोलावलं नाही.

त्या हिवाळ्यात एका दुपारी पुन्हा पाऊस आला. फ्लॅटचं छत तोवर दुरुस्त झालं होतं. मी कणीक मळून ठेवली होती आणि लाटणं सापडेना, म्हणून बाहेर आले. हॉलमध्ये अंधार होता. सोफा भिंतीपासून ओढलेला होता. हे लाटण्याच्या टोकाने एकेक बटण बंद करत होते, हळूहळू, आईसारखे.

"अहो, भिंत कोरडी आहे," मी म्हटलं. "द्या ते. पोळ्या करायच्या आहेत."

मी हात पुढे केला. हे लाटणं सोडेनात.